एक पत्ता, दोन प्रती : झुस्टँड आणि शेअर्ड स्टेट

या मालिकेत आपण फ्रंट-एंडमधली एकेक अडचण घेतो आणि ती नेमकी कुठून येते ते पाहतो. आजचा विषय आहे शेअर्ड स्टेट, म्हणजे एकाच पानावरच्या अनेक भागांना लागणारी माहिती, आणि ती सांभाळायला झुस्टँड ही छोटी लायब्ररी कशी वापरायची. व्हिडिओत मी कोड टाइप करत बोलले होते. पुस्तकात तोच कोड शब्दांत सांगते. रिअ‍ॅक्टमध्ये दोन-चार कंपोनंट लिहिले असतील तर तुम्हाला कुठे अडणार नाही.

आधी एक खुलासा. तुमच्यापैकी कुणी इंदूरला आहे, कुणी बडोद्याला, कुणी बंगळुरूला. आज स्टेट म्हणजे ते राज्य नव्हे. पानाची या क्षणी जी स्थिती आहे, ती स्टेट : कोणता पत्ता निवडला आहे, कार्टमध्ये काय आहे, मेनू उघडा आहे की बंद.

सुरुवात एका फोनपासून करते.

फोन

काही वर्षांपूर्वी मी हैदराबादच्या एका छोट्या कंपनीत होते. घरपोच औषधं मागवण्याची वेबसाइट. फ्रंट-एंडला आम्ही तिघं. एका दुपारी कस्टमर सपोर्टची मुलगी हेडसेट हातात घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, या बाई मराठीत बोलतायत, मला नीट कळत नाहीये, तू घे.

पलीकडे भुसावळच्या एक काकू होत्या. त्यांची मुलगी इंदूरला. दर महिन्याला ती तिच्या अकाउंटवरून आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या मागवायची. काकू म्हणाल्या, "ताई, पोरगी म्हणते पाठवल्या. पाच दिवस झाले. माझ्याकडे चारच उरल्यात, म्हणून मी एक दिवसाआड घेते आहे."

मी त्यांना म्हटलं, काकू, गोळी चुकवू नका, जुनी चिठ्ठी घेऊन आजच दुकानातून आणा आणि डॉक्टरांनाही सांगा. मग ऑर्डर उघडली. स्टेटस होतं, पोहोचली. कुठे? इंदूरला. मुलगी कामासाठी बाहेरगावी होती आणि पाकीट तिच्या इमारतीच्या वॉचमनकडे पडून होतं.

मुलीला फोन केला. ती ठामपणे म्हणाली, "मी आईचाच पत्ता निवडला होता. वर आईचाच पत्ता दिसत होता." ऑफिसात दोघा-तिघांचं मत पडलं की ग्राहकाची गफलत झाली असेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण ती खरं बोलत होती.

चूक कुठे होती

आमच्या पानाच्या वरच्या पट्टीत पत्ता निवडायची यादी होती. कार्ट उजवीकडून सरकत येणाऱ्या पॅनेलमध्ये उघडायची. मुलीने आधी कार्ट उघडून गोळ्या तपासल्या. पॅनेल बंद केलं. वर जाऊन पत्ता इंदूरचा भुसावळ केला. पुन्हा कार्ट उघडली आणि ऑर्डरचं बटण दाबलं.

आता पॅनेलचा कोड. त्याला निवडलेला पत्ता प्रॉपमधून मिळत होता. पण पॅनेलमध्ये तो घेऊन लगेच युझस्टेटमध्ये ठेवला होता. युझस्टेटला दिलेली सुरुवातीची व्हॅल्यू रिअ‍ॅक्ट फक्त पहिल्या रेंडरला वापरतं. नंतर प्रॉप कितीही बदलला तरी ती व्हॅल्यू बदलत नाही. आणि आमचं पॅनेल बंद केल्यावर पानातून जात नव्हतं, नुसतं स्क्रीनबाहेर सरकत होतं. त्यामुळे पहिल्यांदा उघडलं तेव्हाचा इंदूरचा पत्ता त्यात तसाच राहिला. वरची पट्टी भुसावळ दाखवत होती, पॅनेल सर्व्हरला इंदूर पाठवत होतं. पॅनेलमध्ये पत्ता छापलेलाही नव्हता, फक्त पोहोचण्याची तारीख होती. म्हणजे मुलीला कळायला वावच नव्हता.

टेस्टिंगमध्ये हे का सापडलं नाही? कारण आम्ही दर वेळी पान रिलोड करून, आधी पत्ता निवडून मग कार्ट उघडत होतो. त्या क्रमाने सगळं बरोबर चालायचं.

ते पॅनेल मीच लिहिलं होतं.

ही चूक फार जुन्या जातीची आहे. फेसबुकच्या चॅटमध्ये न वाचलेल्या मेसेजचा आकडा चुकायचा. दुरुस्त केला की काही दिवसांनी पुन्हा चुकायचा. 2014 मध्ये एफएट या परिषदेत फेसबुकच्या इंजिनिअरांनी हेच उदाहरण देऊन फ्लक्स ही मांडणी समजावली : माहिती एका ठरलेल्या ठिकाणी बदलावी आणि तिथून एकाच दिशेने पानाकडे वाहावी. 2015 मध्ये आलेलं रिडक्स हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा.

आपल्या घरांत हा विचार भिंतीवर टांगलेला असतो. दुधाचा हिशेब कालनिर्णयवर असतो. आज दूध घेतलं नाही तर त्या तारखेवर फुली. आई, बाबा, आजी, कुणीही फुली मारू शकतं, पण फुली भिंतीवरच मारायची. एकाने स्वतःच्या डायरीत वेगळा हिशेब ठेवला की महिनाअखेरीला वाद ठरलेला. आमच्या पॅनेलने अशी खाजगी डायरी ठेवली होती.

आधी जे करून पाहिलं

पहिला उपाय रिअ‍ॅक्ट स्वतःच सुचवतं. स्टेट वर न्या. पट्टी आणि पॅनेल दोघांच्या वर जो सामाईक कंपोनंट आहे, त्यात पत्ता ठेवा आणि खाली प्रॉप म्हणून द्या. दोन-तीन पायऱ्या असतील तर हाच उत्तम उपाय, लायब्ररीची गरजच नाही. आमच्याकडे सहा पायऱ्या होत्या. मधल्या चार कंपोनंटना पत्त्याशी काही घेणं-देणं नसताना ते फक्त हमालासारखे तो पुढे देत होते. अशा साखळीत कुणाला तरी कंटाळा येतो आणि तो मध्येच प्रत काढून ठेवतो. मी तेच केलं होतं.

दुसरा उपाय कॉन्टेक्स्ट. वर एक प्रोव्हायडर लावायचा आणि खालच्या कुठल्याही कंपोनंटने थेट व्हॅल्यू वाचायची. पत्त्याची चूक यानेही गेली असती. पण आम्ही उत्साहात पत्ता, कार्ट, शोधायचा शब्द आणि उघडे मेनू असं सगळं एकाच कॉन्टेक्स्टमध्ये भरलं. कॉन्टेक्स्टची व्हॅल्यू बदलली की तो वाचणारा प्रत्येक कंपोनंट पुन्हा रेंडर होतो. मला यातला फक्त पत्ता हवा आहे, असं त्याला सांगता येत नाही. कंपोनंटला मेमो लावूनही हे थांबत नाही. परिणाम असा की शोधाच्या चौकटीत एकेक अक्षर टाइप करताना अख्खी कार्ट पुन्हा रेंडर व्हायची, आणि स्वस्तातल्या फोनवर अक्षरं अडखळत उमटायची. कॉन्टेक्स्टचे तुकडे करता येतात, पण प्रत्येक तुकड्याला वेगळा प्रोव्हायडर लागतो.

तिसरा पर्याय रिडक्स. रिडक्स टूलकिट आल्यापासून त्यातलं लिखाण पुष्कळ कमी झालं आहे, आणि मोठ्या टीमला त्याची शिस्त उपयोगी पडते. आम्हाला तिघांना मिळून पाच-सहा गोष्टी सांभाळायच्या होत्या. आम्ही झुस्टँड घेतलं.

झुस्टँड आतून कसं चालतं

झुस्टँड हा जर्मन शब्द, अर्थ स्थिती. पॉइमँड्रेस नावाच्या ओपन सोर्स गटाने ही लायब्ररी 2019 मध्ये आणली. याच गटाच्या आणखी दोन लायब्रऱ्या आहेत, जोताई आणि वाल्टिओ. जोताई जपानी, अर्थ तोच. वाल्टिओ फिनिश, आणि त्याचा अर्थ मात्र खरोखरच राज्य! झुस्टँडचा गाभा कॉम्प्रेस केल्यावर एक-दोन किलोबाइटच्या घरात बसतो, त्यामुळे आत काय आहे हे पूर्ण समजून घेता येतं.

आत तीन गोष्टी आहेत. एक साधा जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट, जो रिअ‍ॅक्टच्या झाडाबाहेर राहतो. हे भिंतीवरचं कालनिर्णय. दुसरी, तो बदलायचं फंक्शन, सेट. तिसरी, बदल झाला की कुणाला कळवायचं त्यांची यादी.

स्टोअर बनवताना क्रिएट या फंक्शनला आपण एक फंक्शन देतो. त्याला सेट मिळतं आणि ते सुरुवातीचा ऑब्जेक्ट परत करतं. आमच्या ऑब्जेक्टमध्ये निवडलेल्या पत्त्याचा आयडी होता, कार्टमधल्या वस्तू होत्या आणि दोन फंक्शनं होती : पत्ता निवडा, वस्तू घाला. पत्ता निवडा हे फंक्शन एकाच ओळीचं. नवा आयडी घ्यायचा आणि सेटला द्यायचा. सेट तो उरलेल्या ऑब्जेक्टमध्ये मिसळतं, कार्टला हात लावत नाही.

क्रिएट आपल्याला एक हुक परत देतं. कंपोनंटमध्ये तो हुक वापरताना त्याला एक छोटं फंक्शन द्यायचं, ज्याला सिलेक्टर म्हणतात. सिलेक्टर सांगतो की अख्ख्या स्टोअरमधलं मला एवढंच हवं आहे. पट्टीचा सिलेक्टर फक्त पत्त्याचा आयडी काढतो. कार्टच्या चिन्हाचा सिलेक्टर फक्त वस्तूंची संख्या काढतो.

सेट झालं की झुस्टँड यादीतल्या प्रत्येकाला कळवतं. मग प्रत्येक सिलेक्टर पुन्हा चालतो. त्याचं आधीचं उत्तर आणि आताचं उत्तर तेच असेल तर त्या कंपोनंटला रेंडर करायचं कारण उरत नाही. वेगळं असेल तरच रेंडर. घरातही असंच असतं. आजी कालनिर्णयवर एकादशी बघते, बाबा गॅस सिलिंडरची तारीख बघतात. दुधाच्या फुलीने त्या दोघांचं काही अडत नाही.

रिअ‍ॅक्टबाहेर ठेवलेल्या माहितीशी रिअ‍ॅक्टची सांगड घालायला 2022 मध्ये रिअ‍ॅक्ट 18 सोबत युझसिंकएक्सटर्नलस्टोअर हा हुक आला. झुस्टँड आतून त्याचाच आधार घेतं. म्हणून एकाच रेंडरमध्ये अर्ध्या पानाला जुना पत्ता आणि अर्ध्याला नवा, असं होत नाही. आणि स्टोअर बाहेर असल्यामुळे प्रोव्हायडरही लावावा लागत नाही.

दुरुस्ती

खरी दुरुस्ती म्हणजे पॅनेलमधलं ते युझस्टेट पुसणं. झुस्टँड आणलं आणि ती प्रत तशीच ठेवली असती, तर पाकीट पुन्हा इंदूरलाच गेलं असतं. हे मुद्दाम सांगते, कारण अनेक प्रोजेक्टमध्ये मी स्टोअरमधून व्हॅल्यू घेऊन ती पुन्हा युझस्टेटमध्ये ठेवलेली पाहिली आहे.

आम्ही चार गोष्टी केल्या. पत्त्याचा आयडी फक्त स्टोअरमध्ये ठेवला. ऑर्डरचं बटण दाबल्यावर त्याच क्षणी स्टोअरला विचारून तो आयडी घेतला. बटणाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत, नाव आणि गाव छापलं. आणि एक टेस्ट लिहिली : कार्ट उघडा, बंद करा, पत्ता बदला, कार्ट उघडा, ऑर्डर द्या, आणि सर्व्हरला गेलेला आयडी नव्या पत्त्याचा आहे का ते पाहा. टेस्ट लिहिताना एक लक्षात ठेवा. स्टोअर मॉड्यूलमध्ये राहतं, म्हणून एका टेस्टमधली स्थिती पुढच्या टेस्टमध्ये उतरते. प्रत्येक टेस्टआधी ते मूळ स्थितीवर आणा. ग्राहक लॉगआउट झाल्यावरही तेच करा.

कुठे ठेच लागते

लायब्ररी छोटी आहे, पण ठेचा लागतात. मला लागलेल्या सांगते.

सिलेक्टर न देता हुक वापरला तर अख्खं स्टोअर हातात येतं, आणि स्टोअरमधल्या कुठल्याही बदलाला कंपोनंट रेंडर होतो. म्हणजे आपण पुन्हा त्या फुगलेल्या कॉन्टेक्स्टपाशी येतो.

कार्टच्या अ‍ॅरेमध्ये पुश केलं तर आत वस्तू जाते, पण अ‍ॅरे तोच राहतो. तुलना करताना झुस्टँडला काही बदललेलं दिसत नाही आणि स्क्रीन जुनीच राहते. नवा अ‍ॅरे बनवून सेटला द्या. आत खोलवरचे बदल वारंवार लागत असतील तर इमर मिडलवेअर आहे.

सेट फक्त वरच्या एका पातळीवर मिसळतं. स्टोअरमध्ये अख्खा पत्ता ऑब्जेक्ट म्हणून असेल आणि तुम्ही नुसता पिनकोड असलेला पत्ता सेट केला, तर नाव, गल्ली, गाव सगळं पुसलं जाईल. जुन्याच्या प्रतीवर पिनकोड चढवून द्यावं लागतं.

सिलेक्टरमध्ये फिल्टर किंवा मॅप केलं तर दर वेळी नवा अ‍ॅरे निघतो. आतल्या वस्तू त्याच असल्या तरी तुलनेत तो वेगळा ठरतो. 2024 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत यामुळे रेंडरचं चक्र थांबतच नाही आणि रिअ‍ॅक्ट एरर देतं. अशा वेळी सिलेक्टरभोवती युझशॅलो गुंडाळा. ते आतली एकेक वस्तू ताडून पाहतं.

बिलाची बेरीज स्टोअरमध्ये ठेवू नका. वस्तू आणि किमती असल्या की बेरीज काढता येते. वेगळी ठेवली की ती दुसरी प्रत झाली, आणि एक दिवस ती वस्तूंशी जुळणार नाही.

पर्सिस्ट मिडलवेअर स्टोअर ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये जपून ठेवतं, म्हणजे रिलोडनंतर कार्ट टिकते. पण तीही एक प्रतच आहे. काय जपायचं ते पार्शलाइझ या पर्यायाने निवडून सांगा. औषधांच्या चिठ्ठीसारखी माहिती तिथे नको, कारण घरातला किंवा दुकानातला कॉम्प्युटर अनेकजण वापरतात. ऑब्जेक्टची रचना बदलली की आवृत्तीचा आकडा वाढवा आणि जुन्या माहितीचं काय करायचं ते मायग्रेटमध्ये लिहा. आणि दोन टॅब उघडे असतील तर एकातला बदल दुसऱ्यात आपोआप दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

शेवटची ठेच सगळ्यात जोराची. नेक्स्ट जेएससारख्या फ्रेमवर्कमध्ये पान सर्व्हरवर रेंडर होतं. तिथे मॉड्यूलमधलं स्टोअर एकच, आणि विनंत्या अनेक ग्राहकांच्या. सर्व्हरवर त्यात एका ग्राहकाचा पत्ता भरला, तर तो दुसऱ्याच्या पानावर उमटू शकतो. तिथे दर विनंतीला नवं स्टोअर बनवा आणि ते कॉन्टेक्स्टमधून खाली द्या. प्रोव्हायडर लागत नाही असं मी वर म्हटलं, त्याला हा अपवाद आहे.

काय ठेवायचं, काय नाही

झुस्टँड हाताशी आलं की सगळंच त्यात टाकायचा मोह होतो. मी तीन प्रश्न विचारते.

ही माहिती एकाच कंपोनंटला लागते का? मग ती युझस्टेटमध्येच राहू दे. मेनू उघडा आहे की नाही हे अख्ख्या पानाला कळायची गरज नसते.

हिची मूळ प्रत सर्व्हरवर आहे का? पत्त्यांची यादी, औषधांच्या किमती, ऑर्डरचं स्टेटस ही सर्व्हरची माहिती. ती केव्हा शिळी झाली, पुन्हा केव्हा आणायची, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला टॅनस्टॅक क्वेरीसारखी वेगळी साधनं आहेत. म्हणून आमच्या स्टोअरमध्ये अख्खा पत्ता नव्हता, फक्त आयडी होता. निवड ग्राहकाची, ती स्टोअरमध्ये. पत्ता सर्व्हरचा, तो सर्व्हरकडून.

ही माहिती लिंकमध्ये असायला हवी का? शोधलेला शब्द, निवडलेला पान क्रमांक, लावलेला फिल्टर हे पानाच्या पत्त्यात असलं की ग्राहक ती लिंक घरच्यांना पाठवू शकतो.

तिन्ही प्रश्नांचं उत्तर नाही आलं, आणि माहिती पानाच्या दूरदूरच्या भागांना लागत असेल, तर ती स्टोअरची. आमच्या अख्ख्या साइटवर अशा गोष्टी पाच निघाल्या.

काकूंच्या गोळ्यांचं सांगायचं राहिलं. त्यांनी त्याच संध्याकाळी भुसावळमध्ये दुकानातून घेतल्या, आणि आम्ही नवं पाकीट पाठवलं. ते पोहोचल्यावर त्यांनी सपोर्टला फोन करून मलाच मागितलं. म्हणाल्या, "आल्या गं गोळ्या. पोरीला मी उगाच बोलले, तिची काही चूक नव्हती ना?" मी म्हटलं, "नाही काकू. चूक माझी होती."

तेव्हापासून कुणाचाही कोड तपासताना, नव्या युझस्टेटच्या ओळीवर मी थांबते आणि विचारते, याची मूळ प्रत कुठे आहे? तुमच्या प्रोजेक्टमध्ये आज एवढंच करून बघा. प्रॉपमधून किंवा स्टोअरमधून आलेली व्हॅल्यू कुठे युझस्टेटमध्ये ठेवली आहे ते शोधा. मग पॅनेल उघडा, बंद करा, व्हॅल्यू बदला, पुन्हा उघडा. काय दिसतं ते पाहा.

पुढच्या भागात सर्व्हरच्या माहितीकडे वळू : ती शिळी कधी होते, आणि ताजी कशी ठेवायची. भेटू.